पट्टीबाईची रेघ

"आमच्या घरात बायका असलं काही ओढत नाहीत," दार अर्धंच उघडून तो गृहस्थ म्हणाला. "लिहा, नाही."

पट्टीबाईंनी लिहिलं नाही. कागदावर पेन टेकवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"ते त्यांनाच विचारायचंय. फॉर्मवर तसं छापलंय. बाईंना जरा बोलावता का?"

"मी सांगतोय ना. नवरा आहे मी तिचा."

"ते लिहिलंय मी वर."

दार बंद झालं. पट्टीबाई दोन जिने उतरून खाली आल्या, तेवढ्यात मागून चपलांचा फटफट आवाज आला. ओले हात पदराला पुसत एक बाई धावत उतरत होती. वरच्या जिन्याकडे एकदा पाहून ती हळूच म्हणाली, "लिहा. शनिवारी एक. गच्चीवर. मी आणि माझी धाकटी जाऊ. नाव लागत नाही ना?"

"नाव नाही लागत. वय लागतं."

"चव्वेचाळीस लिहा."

पट्टीबाईंनी नुसतं पाहिलं.

"बरं, सेहेचाळीस," ती म्हणाली. "जाऊबाईंचं मात्र मला माहीत नाही. ती चार वर्षं झाली, एकोणचाळीसच सांगतेय."

पट्टीबाई हसल्या. पायरीवर बसून दोघींनी फॉर्म पुरा केला. धाकटी वरच्या खिडकीत दिसली, तिला खूण करून खाली बोलावलं, तिचाही भरला. तेरा झाले. पंधरा हवे होते आणि नोकरीचे अकरा दिवस उरले होते.

पट्टीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्या पाहणीच्या ऑफिसात होत्या. घरोघरी जाऊन माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचे आकडे करायचे, हे त्यांचं काम. त्यांनी लोकांचे नळ मोजले, रेडिओ मोजले, शिलाई मशिनं मोजली, एका वर्षी तर कुत्री मोजली. त्यांच्या पिशवीत एक लाकडी पट्टी कायम असे. बाकीचे कारकून हातानं रेघ मारत आणि ती नागमोडी जाई. बाईंची रेघ मात्र नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी सरळ. त्यावरून हे नाव पडलं आणि त्यांनाही ते मनातून आवडत असे. माणसाला स्वतःच्या कशाचा तरी अभिमान लागतोच, त्यांना रेघेचा होता.

नवे साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी महिन्यापूर्वी हे काम पुढ्यात ठेवलं होतं. विषय होता, सिगार ओढणाऱ्या स्त्रिया : वय, शिक्षण, काम आणि सवयी. जुन्या सिगार कारखान्याभोवतीच्या वस्तीतली साठ घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली.

"आरोग्य खात्याची तपासणीची गाडी जाणार आहे तिथे," साहेब म्हणाले. "तोंड, घसा, सगळं तपासतात. साठ घरांत पंधरा बायका निघाल्या तर बायकांसाठी वेगळा दिवस मिळेल. नाही निघाल्या तर फक्त पुरुषांचा. आणि बाई, एक फॉर्म जरी खोटा सापडला ना, तर सगळा गठ्ठा बाद करतात ते."

"माझा फॉर्म खोटा नसतो साहेब," पट्टीबाई म्हणाल्या होत्या. बोलताना त्यांची जीभ जराशी अडखळली. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही.

महिनाभर त्या फिरल्या. सिगार ओढणारी बाई म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातली एकही त्यांना भेटली नाही. भेटली ती शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई. ती वह्या तपासताना ओढायची, आता वह्या नाहीत म्हणून शब्दकोडं सोडवताना ओढते. मालमोटार चालवणारी एकजण भेटली. ती पेटवतच नाही, नुसती दातात धरते, म्हणजे रस्त्यात कुणी वाकडं बोलत नाही. एका विधवेकडे नवऱ्यामागे उरलेली पेटी होती. तो गेला त्या तारखेला ती दरवर्षी त्यातली एक ओढते. "चार उरल्यात," ती म्हणाली, "मग बघू." कुणी कधीच शाळेत न गेलेली, कुणी दोन पदव्यांची. बहुतेक चाळिशीपुढच्या. बहुतेक आठवड्याला एक किंवा दोन ओढणाऱ्या. धूर छातीत घेणारी एकही नाही. आणि जवळजवळ सगळ्या उघड्यावर, दुसऱ्या बाईच्या सोबतीनं ओढणाऱ्या. एकटीनं ओढणारी क्वचितच.

हे शेवटचं पट्टीबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांची आई सिगारच्या कारखान्यात पानं वळायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

पाळी सुटली की आई कारखान्याच्या भिंतीलगतच्या बाकावर दोघी मैत्रिणींच्या मधे बसायची. बाहेरचं पान फाटलं की ती सिगार वळणाऱ्या बायकांनाच मिळे, तसली एक ओढायची आणि मग घरी यायची. घरी येताना तोंड धुऊन, बडीशेप चघळत यायची. मुलीला तो वास लहानपणापासून ठाऊक होता. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बत्तीस वर्षांपूर्वी, नोकरीला दोन वर्षं झालेली असताना, पट्टीबाईंच्या वाट्याला हीच वस्ती आली होती. तेव्हाचा तक्ता मोठा असे. एका गल्लीला एक कागद, घराला एक ओळ, आणि उजवीकडे दोन रकाने : सिगार, पुरुष आणि सिगार, स्त्रिया. ऑफिसातल्या जुन्या लोकांनी एक रीत शिकवली होती. स्त्रियांचा रकाना घरोघरी विचारत बसायचा नाही, लोक अंगावर येतात. निघायच्या आधीच टेबलाशी बसून रकान्यात वर एक शून्य काढायचं, खाली एक शून्य काढायचं आणि मधे पट्टीनं रेघ मारून मोकळं व्हायचं. पट्टीबाईंनी मारली. नवव्या ओळीत त्यांचं स्वतःचं घर होतं. रेघ त्यावरूनही गेली, अगदी सरळ. तेव्हाच्या साहेबांनी तो तक्ता वर धरून सगळ्यांना दाखवला होता.

आता यादीत एकच घर उरलं होतं, एकेचाळीस नंबरचं. ते त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या फाटकावरच्या जुन्या पहारेकऱ्याची बायको चौदावी मिळाली. म्हणजे पंधरावी तिथेच निघायला हवी होती, आणि ती निघणार हे पट्टीबाईंना पक्कं माहीत होतं. त्या घरात काडी मावशी राहायची.

काडी मावशी म्हणजे बाकावरची तिसरी. अंगानं काडीसारखी आणि काडेपेटीही कायम तिच्याकडेच. आई गेल्यावर दहाव्या दिवशी पट्टीबाईंनी तिला पाहिलं होतं, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं नाही. तिच्या घरावरून जाणारा रस्ता त्यांनी टाकलाच होता. कारण विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

दार उघडंच होतं. मावशी खिडकीशी खुर्चीवर बसली होती. खिडकीतून कारखान्याची भिंत दिसत होती. आत आता गालिच्यांचं गोदाम होतं. बाक मात्र तसाच होता.

"मावशी, मी... ओळखलंत का तुम्ही?"

"तुम्ही कधीपासून झाले मी?" मावशीनं मान वळवली. "ये. आईसारखीच दारात उभी राहतेस, यायचं की नाही ते न ठरवता."

पट्टीबाई बसल्या. पिशवीतून फॉर्म काढला, खाली पाठकोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं. एवढं करून झाल्यावर वर बघावंच लागलं.

"या खेपेला विचारायला आलीस तर," मावशी म्हणाली.

"हो."

"मागच्या खेपेला नव्हती आलीस. दारावरून गेलीस. मी हाक मारली, तर म्हणालीस, मावशी, तुमचं लिहून झालंय."

पट्टीबाईंना ते आठवत नव्हतं, पण त्या तसंच म्हणाल्या असणार. त्या काळात त्या फार घाईत असत.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"तुझं एकटीचं कुठलं? तुझा तो साहेबच नाही म्हणाला ना. त्याला काय पडलंय आमचं."

"कुठला साहेब?"

मावशीनं दाताखाली धरलेली, न पेटवलेली सिगार डाव्या गालाकडे सरकवली. उजवीकडे ती नेत नव्हती, हे पट्टीबाईंनी आल्यापासून पाहिलं होतं.

"गाडी आली होती की. तू लिहून नेलंस त्याच्या पुढच्या वर्षी. तपासायची गाडी. फाटकात उभी होती तीन दिवस. आम्ही बायका पण रांगेत उभ्या राहिलो. तुझी आई सगळ्यात पुढे, तिच्या जिभेखाली तेव्हाच काहीतरी बोचत होतं. आतली नर्स म्हणाली, बायकांचा आकडा शून्य आलाय, बायकांना घ्यायचा हुकूम नाही. आम्ही हसलोच. हातांना वास येत होता आमच्या. ती चांगली होती बिचारी. म्हणाली, त्या ऑफिसातनं चिठ्ठी आणा, आकडा चुकलाय म्हणून, उद्या सगळ्यांना घेते. मग सगळ्यांनी तुझ्या आईकडं पाहिलं. पोरगी तिथंच ना तिची. ती म्हणाली, विचारते घरी."

मावशीनं खिडकीतून बाकाकडे पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, पोरीनं विचारलं, पण साहेब नाही म्हणाला, एकदा गेलेला आकडा बदलत नाही," मावशी म्हणाली. "मग गेली गाडी."

"मावशी, मला आईनं काहीच विचारलं नाही."

"काय?"

"गाडी आली होती हेच मला आत्ता कळतंय. मी तेव्हा दुसऱ्या भागात होते, पंधरा दिवस. घरी फक्त झोपायला यायची. मला कुणी काही विचारलं नाही. मी साहेबांकडे गेलेच नाही."

 मावशीनं दातातली सिगार काढून खिडकीच्या कडेवर ठेवली.

"म्हणजे विचारलंच नव्हतं तिनं," ती शेवटी म्हणाली. "बघ कशी होती. आकडा खोटा निघाला तर पोरीची नोकरी जाईल, एवढंच आलं असणार डोक्यात. तुझ्या नोकरीचा कागद आला तेव्हा बाकावर वाचायला घेऊन आली होती, माहितीये तुला? वाचता येत नव्हतं तिला. नुसता उलगडून दाखवला, आणि हात पुसून घडी घातली."

दोन वर्षांनी आईच्या तोंडातली गाठ बाहेरून दिसायला लागली, तेव्हा पट्टीबाईच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. बाहेरच्या बाकड्यावर बसून पट्टीबाई आईवर चिडल्या होत्या, चारचौघांत, मोठ्यानं. आधी का नाही दाखवलंस? कळत नाही का तुला? आई हातातल्या रुमालाकडे पाहत म्हणाली होती, "राहून गेलं." तो राग पट्टीबाईंनी अठ्ठावीस वर्षं जपून ठेवला होता. आई गेली त्याचं दुःख होतंच, पण आईनं निष्काळजीपणा केला, हा राग त्यांना त्या दुःखात आधारासारखा वाटायचा. तो आता हातातून गेला. खाली उरली ती फक्त त्यांची रेघ.

त्या रडल्या. मावशीनं त्यांना रडू दिलं. समजूत घालण्याच्या फंदात ती पडली नाही, पाणी तेवढं आणून ठेवलं.

"घे, विचार आता," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण आधी तिचा भर."

"मावशी, गेलेल्या माणसाचा भरता येत नाही."

"बाकावर पहिली काडी तिची असायची. वयानं मोठी ती पहिली, मग मी. एका काडीत तिघींचं व्हायला पाहिजे, असा नेम होता. माझी तिच्याआधी कधी पेटली नाही. आता पेटवायची नाही मला. तिचा भर, मग माझा सांगते."

पट्टीबाईंनी कोरा फॉर्म घेतला. त्यावर ४१ अ असा नंबर घातला आणि पहिल्यापासून विचारायला लागल्या, इतर घरी विचारतात तशाच आवाजात.

"वय?"

"तू रेघ मारलीस तेव्हा एकोणपन्नास."

"शिक्षण?"

"नाही. पण पानाला हात लावून ते कुठल्या शेतातलं ते सांगायची. ते कुठं लिहिता येतं का?"

"जागा नाही." पण त्यांनी समासात लिहिलं. "पहिल्यांदा केव्हा ओढली?"

"एकोणिसाव्या वर्षी. कामाला लागली त्याच आठवड्यात. जे आपण वळतो ते कसं लागतं ते कळायला नको का, म्हणायची."

"किती?"

"दिवसाला एक. सुट्टीच्या दिवशी नाही. सुट्टीच्या दिवशी तू घरी असायचीस."

"सोबत कोण?"

"आम्ही दोघी."

"ओढताना काय करता? पर्याय आहेत. वाचन, गप्पा, काही नाही."

मावशी हसली. "गप्पा लिही. तुझ्याच असायच्या. तुझी फी, तुझा पहिला नंबर, तुझा चष्मा. आम्हाला वीट यायचा. तेवढाच अर्धा तास तिला कुणी काही काम सांगत नसे, आणि त्यात ही तुझंच पुराण लावायची."

पट्टीबाईंनी 'गप्पा'वर खूण केली. खाली शेवटचा प्रश्न होता. महिनाभर तो त्यांनी जीभ न अडखळता विचारला होता.

"घरच्यांना माहीत आहे का? होय, नाही, सांगता येत नाही."

"तू सांग," मावशी म्हणाली. "घरची तू."

त्यांनी 'होय'वर खूण केली. पेन थोडं जास्तच दाबलं गेलं.

मग मावशीनं काडी ओढली. सिगार पेटवली आणि स्वतःची उत्तरं भराभर दिली, वय अठ्ठ्याहत्तर, खरंखुरं. शेवटी म्हणाली, "गाडी येईल ना या खेपेला? उजव्या गालात आतून महिनाभर चुरचुरतंय. म्हटलं नाही कुणाला."

"येईल," पट्टीबाई म्हणाल्या. "मी स्वतः येईन तुला न्यायला. रांगेत पुढे तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी गठ्ठा मोजला. ते एकेक फॉर्म पालथा टाकत गेले.

"पंधरा. काठावर पास झालो, बाई. मागच्या तक्त्यात या वस्तीत शून्य आहेत. एकदम पंधरा कशा झाल्या?"

"मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

"कुणी?"

"मी."

साहेबांनी वर पाहिलं. मग त्यांच्या हाताला तळचा फॉर्म लागला. "हा एकेचाळीस अ? हा सोळावा झाला." त्यांनी तो वाचला. समासातला मजकूर वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली आला. "बाई, या हयात नाहीत."

"नाहीत."

"मग हा धरता नाही येणार. हा गठ्ठ्यात दिसला, तर बाकीच्या पंधरांवर..."

"माहितीये साहेब. रद्द करायलाच आणलाय."

"घरी नेता आला असता तर मी दिला असता. पण कोऱ्या फॉर्मवरही छापील अनुक्रमांक असतो, फाइलला लावावा लागतो."

"माहितीये."

त्या आपल्या टेबलाशी गेल्या. फॉर्म समोर ठेवला, पिशवीतून पट्टी काढली आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नीट बसवली. एकदा सगळी उत्तरं वाचून घेतली. एकोणिसावं वर्ष, दिवसाला एक, गप्पा, होय. मग रेघ मारली. इतक्या वर्षांची सवय, रेघ सरळच आली. आईची उत्तरं तिच्याखाली तशीच वाचता येत होती.

रद्द फॉर्मच्या तळाशी कारण लिहायची जागा असते. तिथे सगळे 'मयत' लिहितात, म्हणजे कुणी पुढे काही विचारत नाही. पट्टीबाईंनी पेन उचललं, आणि आपल्या गोल, स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'वेळेवर विचारले नाही.' खाली सही केली. तारीख घातली. शाई वाळेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.